डावीकडे

मोजपट्टीचं एक टोक फादिकच्या मुठीत,
दुसरं माझ्या.
मधे जर्दाळूंची एक रांग,
जी आता एक रांग नाही.

अकरा झाडं नाकासमोर सरळ येतात,
मग भेग,
मग बारावं झाड बाजूला उभं,
वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखं,
आणि त्याच्यामागे उरलेली सगळी
त्याचीच री ओढत.

चार मीटर दहा, मी म्हणाले.
फादिकनं पट्टी सोडली नाही.
"पुन्हा मोज. थंडीत पोलाद आखडतं."
पुन्हा मोजलं.
चार दहा.

भेग म्हणजे तुम्हाला वाटते तशी खाई नव्हे.
इथे तिनं कुणाला गिळलं नाही.
बर्फाखालून घूस पळत गेल्यासारखा
उकरलेल्या मातीचा पट्टा,
त्यावर तिरक्या चिरा, एकीमागे एक,
हिवाळ्यात टाचांना पडतात तशा.
मेंढवाड्याच्या कोपऱ्यातून आला,
रस्त्याचं डांबर चादरीसारखं चुरगाळलं
आणि डोंगराकडे निघून गेला.
वाटेत कोंबड्यांचं खुराडं मधोमध फाडलं,
अंडं मात्र एकही फुटलं नाही.
हे अबुझर येईल त्याला सांगतो.
दुसरं काही सांगत नाही.
त्याची सून आणि दोन नातवंडं शहरात होती,
पाचव्या मजल्यावर.

या दोघांचं भांडण माझ्या फायलीत आहे, जुनं.
अबुझरच्या बापानं एका रात्री
बांध कोरला, हद्दीचे दगड सरकवले,
वीतभर.
त्या वीतभर जमिनीपायी तीन वकील,
एकतीस वर्षं,
एका लग्नाला न जाणं,
एका मयतीला जाऊन न बोलणं.

कोण सरकलं?
मी विचारणार नव्हते,
पण अर्जात तसा रकाना आहे.
फादिक आपल्या बाजूला उभी राहिली:
"तो सरकला. डावीकडे. दिसत नाही का तुला?"
अबुझर आपल्या बाजूला उभा राहिला:
"ती सरकली. डावीकडे."
मी आधी इकडून पाहिलं, मग उडी मारून तिकडून.
दोघंही खरं बोलत होते.
या भ्रंशाची रीतच तशी:
कुठल्याही काठावर थांबा,
पलीकडचं सगळं डावीकडे गेलेलं दिसतं
आणि आपण मात्र जिथल्या तिथे.

कार्यालयातल्या नकाशावर रांग अजून सरळ आहे.
नकाशा चुकला की शेत
हे मी लिहून द्यायचंय,
मार्च संपायच्या आत, तीन प्रतींत.

रात्री फादिकनं मला तंबूत जागा दिली,
स्वतः दाराशी आडवी झाली.
जमीन दोनदा कुशीवर वळली.
आम्ही दोघी जाग्या होतो आणि दोघींनीही
झोपल्याचं सोंग घेतलं.

पहाटे तिनं बादली उचलली
आणि अंधारातच निघाली.
पन्नास वर्षं तीच वाट चाललेल्या पायांना
दिवा लागत नाही.
मी तिच्या मागोमाग.
घरापासून साठ पावलं, नाकासमोर, हौद.
घर आता दगडांचा ढीग आहे,
तरी पावलं तिथूनच मोजायची.
साठाव्या पावलावर पाणी नव्हतं.
पुढे अबुझरच्या कुंपणाचा खांब होता
आणि खांबाला टेकून अबुझर,
खांद्यावर घोंगडी, तोंडात न पेटवलेली सिगारेट.
बराच वेळ कुणी बोललं नाही.
बादलीची कडी तेवढी कुरकुरली.

"तुझ्या डावीकडे," तो म्हणाला. "जरा पुढे."

भेगेवर त्यानं एक दार आडवं टाकलं होतं,
कुठून आणलं ते सांगितलं नाही.
मूठ वरच्या बाजूला होती, पितळेची,
वापरून वापरून गुळगुळीत झालेली.
फादिक त्यावरून पलीकडे गेली,
येताना भरली बादली घेऊन परत आली,
आणि दोन्ही वेळा
तिनं मुठीवर पाय पडू दिला नाही.